गिटारीची हापशी

आमच्या महिला भजनी मंडळात पेटीच्या जागी इलेक्ट्रिक गिटार आली ती कुणाच्या हौसेखातर नाही. पेटी वाजवणाऱ्या बाई मुलाकडे अकोल्याला राहायला गेल्या, आणि पेटी त्यांची स्वतःची असल्यामुळे ती त्यांच्यासोबत गेली. मंडळ माझ्या सासूबाईंचं. वाशीमच्या कडेला आमची भाजीपाल्याची शेती आहे. दिवसभर मेथी-पालकाच्या जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळी देवळात चार बायका घेऊन भजनाला बसायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. पेटी गेल्यावर दोनेक आठवडे त्या नुसत्या ढोलकीवर गायल्या. मग एका सकाळी चहा पिता पिता मला म्हणाल्या, "तुह्या खोलीत थे लाल वाजते ना, थे घेऊन येत जा संध्याकाळी."

मी म्हटलं, "आई, ती गिटार आहे. भजनाला नाही चालत."

"सूर हायत ना तिच्यात? मंग चालते."

गिटार माझी नव्हती. ती माझ्या धाकट्या भावाची. इंजिनिअरिंगला असताना त्यानं ती घेतली, होस्टेलमधल्या पोरांसोबत गॅदरिंगला वाजवली, आणि पुण्याला नोकरी लागली तेव्हा माझ्या माहेराहून, मेडशीहून निघता निघता माझ्याकडे आणून ठेवली. तिकडची खोली लहान, म्हणाला. "ठेव ताई तुह्याजवळ, मी नेईन मंग." ते "मंग" काही आलं नाही. मला माहेरी असताना पेटी थोडीफार येत होती. घरात वाद्य नुसतं टांगलेलं बघवेना, म्हणून मोबाईलवर बघून बघून मी गिटार शिकले. दुपारी सगळे शेतात असताना वाजवायची. घरातल्या कुणी नाही म्हटलं नाही, कुणी वाहवाही केली नाही.

मंडळात गिटार बसली आणि एक गोष्ट लक्षात आली. पेटीला सूर घसरवता येत नाही, एका पट्टीवरून उचललेलं बोट दुसऱ्या पट्टीवरच पडतं. या गिटारीला मात्र एक दांडी होती. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा ज्या लोखंडी पट्टीवर येऊन टेकतात तिला ब्रिज म्हणतात. काही गिटारींचा ब्रिज पक्का असतो, हिचा हलता होता. सहा स्क्रूंच्या आधारानं तो बिजागरीसारखा पुढे-मागे व्हायचा, आणि त्यात ती दांडी अडकवलेली. दांडी दाबली की तारा सैल पडतात नि सूर खाली येतो. सोडली की मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा ब्रिजला परत जागेवर ओढतात. सासूबाईंचा आवाज ओळीच्या शेवटी असाच हळूच खाली उतरतो. मी एकदा त्यांच्या मागोमाग दांडी दाबत सूर उतरवला. त्यांनी गाता गाता माझ्याकडे वळून बघितलं. भजन संपल्यावर म्हणाल्या, "थे हापशीवानी दाबून राह्यली होती, थे काय होतं?"

तेव्हापासून मंडळात त्या दांडीचं नाव हापशी पडलं. बायका सांगायच्या, "या ओळीले हापशी मार."

अडचण एवढीच होती की हापशी मारली की गिटार बेसूर व्हायची. ब्रिज खाली जायचा तो परत येताना पूर्ण जागेवर यायचा नाही. दोन-तीन वेळा दाबलं की तारा किंचित उतरलेल्या राहायच्या, कधी उलट चढायच्या. मी दोन भजनांच्या मध्ये सूर जुळवून घ्यायची. एका एकादशीला मात्र देवळात चांगली गर्दी होती, मंडळ रंगात आलं होतं, आणि मी एकाच भजनात चार-पाचदा हापशी मारली. पुढच्या कडव्याला सासूबाईंनी सूर लावला तो एकीकडे आणि माझा दुसरीकडे. त्यांनी गाणं थांबवलं. ढोलकीवालीचा हात तसाच वर राहिला.

"जुळवून घे," त्या म्हणाल्या.

मी जुळवायला लागले. माणसं वाट बघत बसली. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, कुणी चहाचं विचारून आलं. माझे कान तापले होते आणि कान तापले की सूर ऐकू येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी सासूबाईंनी नुसत्या ढोलकीवरच पुढचं भजन सुरू केलं. मी गिटार मांडीवर ठेवून टाळ्या वाजवत बसले.

घरी येताना त्या रागावल्या नव्हत्या. रस्त्यात एवढंच विचारलं, "हे दुरुस्त होते का नाई?"

दुसऱ्या दिवशी मी गिटारीचं मागचं झाकण उघडलं. आत तीन स्प्रिंगा, एक गंजलेला आकडा, आणि ब्रिजखाली लोंबकळणारा पातळ, हलक्या धातूचा ठोकळा. सगळ्या तारा त्या ठोकळ्यातून ओवलेल्या होत्या. ब्रिज सोडवून हातात घेतला तेव्हा खरं दुखणं दिसलं. पट्टीची जी कड स्क्रूंवर टेकून हलते ती झिजून खडबडीत झाली होती, आणि तारा टेकायच्या सहापैकी दोन खुंट्या डुगडुगत होत्या. अशा ब्रिजनं परत जागेवर यावं ही अपेक्षाच चूक होती. मी इंटरनेटवर शोधून नवा ब्रिज मागवला. जाड पोलादी ठोकळ्याचा, घट्ट खुंट्यांचा. सगळे म्हणत होते की याच्यानं सूर टिकतो, वर आवाजही भरदार होतो.

पार्सल आलं. ब्रिज हातात घेतल्यावर वजनावरूनच फरक कळला. मी तो गिटारीवर ठेवला आणि बघतच राहिले. सहा स्क्रूंची सहा भोकं. मधली दोन लाकडातल्या भोकांवर जवळपास बसत होती, कडेची मात्र बाहेर सरकलेली. मोजताना मी तारांमधलं अंतर बघितलं होतं. स्क्रूंमधलं अंतर वेगवेगळं असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझ्या नवऱ्याला यात काही कठीण वाटलं नाही. शेतातलं शेड त्यानं स्वतः उभं केलेलं, घरात ड्रिल मशीन आहे. "जुनी भोकं लाकूड ठोकून बुजवू, नवीन पाडू. आत्ता होते."

"आत्ता नका करू," मी म्हटलं. "आधी त्याला विचारते. गिटार त्याची आहे."

मला वाटलं होतं भाऊ म्हणेल, कर. फोनवर त्याला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत होता, मध्ये हं हं करत होता. भोकांची गोष्ट आली तेव्हा त्यानं मला मध्येच तोडलं.

"नको ताई. भोकं नको पाडू."

"बुजवून नीट करणार आहोत रे. वरून दिसणार पण नाही."

"दिसायचं नाई म्हनत मी. जुना ब्रिज बसवून दे परत. वाजते तशी वाजू दे."

"पण काहून?"

"असंच," म्हणाला. मीटिंग आहे म्हणून त्यानं फोन ठेवला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही गिटारीची चौकशी केली नव्हती. भोकं पाडली नाहीत, पण जुना ब्रिजही परत बसवला नाही. एकदा झिजलेलं बघितल्यावर ते पुन्हा लावायला हात होईना. गिटार तारांशिवाय, उघडी, पलंगाखाली गोधडीत गुंडाळून ठेवली. मंडळ पुन्हा ढोलकीवर आलं.

पुढचं सासूबाईंनी केलं आणि मला न विचारता केलं. एका दुपारी मी शेतातून आले तर त्या माझा मोबाईल कानाला लावून ओसरीत बसलेल्या.

"भाऊ, तुमची गिटार आमच्या घरी मोकळी पडून राह्यली," त्या सांगत होत्या. "नाई, तुमच्या ताईनं नाई सांगतलं मले फोन कराले. मीच केला. तुमाले भोकं नाई पाडू द्यायची तं नका पाडू देऊ. पन एकडाव या आन् तुमच्या हातानं थे बंद तरी करून जा. उघडं वाद्य घरात ठेवत नाईत."

पलीकडून तो काय म्हणाला ते कळलं नाही. सासूबाईंनी फोन मला परत दिला आणि म्हणाल्या, "येतो म्हने."

सोयाबीनची कापणी आटपली होती. तो मेडशीला घरी आला, आणि तिथून शनिवारी सकाळच्या एसटीनं वाशीमला. मी गोधडी सोडून गिटार त्याच्यापुढे ठेवली. त्यानं आधी नवा ब्रिज उचलून बघितला, मग जुना. जुन्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"लयच खराब झाला," म्हणाला.

"मग मी काय सांगत होते?"

त्यानं जुनाच ब्रिज घेतला, जुन्या भोकांत स्क्रू पिळले, स्प्रिंगा अडकवल्या आणि तारा चढवल्या. बराच वेळ लागला. मला वाटलं हा आता असंच बंद करून निघून जाणार. मी स्वयंपाकाला लागले. मग आतून वाजवल्याचा आवाज आला. होस्टेलमध्ये वाजवायचा त्यातलं काहीतरी. अर्ध्यात अडकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकला. भाकरी तव्यावर टाकून मी दारात गेले. तो डाव्या हाताची बोटं झटकत होता. तारा रुतून टोकं लाल झाली होती.

"बोटं पार नरम झाली ना ताई."

"होतात परत. रोज थोडं वाजवलं की."

"रोज कुठं वाजवतो मी," तो म्हणाला. मग खाली बघतच बोलला, "मी म्हनायचो, एक दिवस नेईन. तिकडं कोनी तरी भेटतीन, वाजवू. थे तुह्याजवळ तसंच हाय म्हटलं की मले बरं वाटायचं. भोकं पाडली की थे तुयं झालं."

करपल्याचा वास आला म्हणून आत पळाले. परत आले तेव्हा त्यानं तारा सोडायला सुरुवात केली होती.

"भाऊजीले म्हन ड्रिल काढा," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर ओसरीत पोतं अंथरून त्यावर गिटार उताणी ठेवली. नवऱ्यानं शेडच्या उरलेल्या सागवानाच्या बारीक काड्या तासून दिल्या. भावानं त्या गोंद लावून सहाही जुन्या भोकांत ठोकल्या. गोंद वाळेपर्यंत नवीन भोकांची जागा ठरवायची होती. ब्रिज तिरका बसला तर तारा गिटारीच्या लांब गळ्यावरून एका बाजूला सरकतात आणि कडेची तार बोटाखालून निसटते. मोजपट्टीनं खात्री होईना, तेव्हा सासूबाईंनी हार ओवायचा दोरा आणून दिला. गिटारीच्या डोक्याकडून ब्रिजपर्यंत दोन कडेला दोन दोरे ताणून धरले, एक मी, एक त्यांनी. भाऊ पोटावर झोपून एक डोळा मिटून बघायचा आणि सासूबाईंना सांगायचा, "मावशी, जरासा इकडं. अजून. बस, हालू नका." सासूबाईंनी श्वासही रोखून धरला होता.

पेन्सिलीनं खुणा झाल्या. गोंद अजून पुरता वाळला नव्हता हे आता कळतं, पण त्याला संध्याकाळी मेडशीला परत जायचं होतं. त्यानं पहिलं भोक कडेचं घेतलं. ड्रिलचं टोक सागाच्या काडीच्या कडेवर पडलं. सागवान कडक, गिटारीचं लाकूड त्याच्या मानानं मऊ. टोक मऊ बाजूला घसरलं आणि भोक खुणेपासून सरकून तिरकं गेलं.

ड्रिल बंद झालं. भाऊ त्या भोकाकडे बघत उकिडवा बसला होता. त्याचा चेहरा लहानपणी पतंग विजेच्या तारेत अडकल्यावर व्हायचा तसाच झाला होता.

नवरा खाली वाकून बघून म्हणाला, "काही नाई झालं. हेबी बुजवू. पन आता उद्यापर्यंत हात नाई लावायचा."

"उद्या मले पुण्याले निघा लागते भाऊजी."

"मंग परवा जा," सासूबाई म्हणाल्या आणि दोरा गुंडाळून आत गेल्या.

त्यानं फोन करून सुट्टी वाढवून घेतली. रविवारी पहाटे नवऱ्यासोबत भाजीबाजारात गेला आणि कोथिंबिरीच्या जुड्या मोटरसायकलवरून उतरवून आला. दुपारी वांग्याच्या वाफ्यात पाण्याची बारी धरली, एक वाफा भरला की पाणी पुढच्यात वळवत राहिला. सासूबाई त्याला काही ना काही काम सांगत राहिल्या, आणि तो करत राहिला. गिटारीचं नाव दिवसभर कुणी काढलं नाही. मी मधून मधून जाऊन गोंदाला नख लावून बघत होते.

सोमवारी सकाळी पुन्हा ड्रिल निघालं. या वेळी नवऱ्यानं आधी खिळ्याच्या टोकानं प्रत्येक खुणेवर खड्डा केला, म्हणजे टोक घसरणार नाही. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे जास्त खोल जाणार नाही. भावानं ड्रिल माझ्या हातात दिलं.

"तू पाड."

"मी कधी चालवलं नाही."

"सरळ धर. भाऊजी बाजूनं पाहून राह्यले."

मी पाडली. सहाही. घाई केली नाही. प्रत्येक भोकानंतर भाऊ फुंकर मारून भुसा उडवायचा आणि पुढच्या खुणेवर बोट ठेवायचा. ब्रिज ठेवला, स्क्रू घातले. ते गच्च आवळायचे नसतात, पट्टी हलायला जागा लागते. त्यानं शेवटचे फेरे अगदी हळू दिले. ठोकळा जुन्यापेक्षा लांब असल्यामुळे मागचं झाकण बसेना. झाकण तसंच राहिलं, अजूनही लावलेलं नाही.

तारा चढवून वायर जोडली तर स्पीकरमधून नुसती घर्र. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. नवऱ्यानं पाठीमागून बघितलं. स्प्रिंगांच्या आकड्याला जोडलेली एक बारीक तार उचला-ठेवीत तुटली होती. "अर्थिंग गेली," म्हणाला आणि मोटरच्या स्टार्टरसाठी ठेवलेलं कथील आणून डाग देऊन टाकला. घरघर थांबली.

त्यापुढचं काम सगळ्यांत कंटाळवाणं. तारा पुढे ओढतात, स्प्रिंगा मागे. दोन्हींचा जोर सारखा झाला पाहिजे, म्हणजे ब्रिज मध्येच तरंगतो. तारा जुळवल्या की ब्रिज पुढे झुकायचा. मागचा आकडा आवळला की तारा चढायच्या. पुन्हा जुळवा, पुन्हा आवळा. तीन स्प्रिंगा पुरेनात म्हणून नव्या ब्रिजसोबत आलेली चौथी लावली. भावानं आणि मी आळीपाळीनं केलं. शेवटी ब्रिज एका जागी थांबला.

"मावशी, ऐका," भाऊ म्हणाला आणि मला खुणावलं. मी तार छेडली, हापशी खालपर्यंत दाबली आणि सोडली.

सासूबाई जुड्या बांधता बांधता ऐकत होत्या. "अजून एकडाव."

मी पुन्हा दाबली. मग पुन्हा.

"तिसरी वर राह्यली," त्या म्हणाल्या. खरंच तिसरी तार जराशी चढी होती. डोक्याकडच्या खाचेत ती अडकत होती. तार सरकावी म्हणून भावानं पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं. मग बरं झालं. पूर्ण नाही, तिसरी तार आजही कधी कधी त्रास देते, पण एका भजनापुरती टिकते, आणि मला तेवढंच हवं होतं.

त्या संध्याकाळी तो स्टँडवर निघाला. जुना ब्रिज मी त्याच्यापुढे धरला तर म्हणाला, "मी काय करू त्याचं? भंगारात दे." मी दिला नाही, पण तो आता कुठे आहे हेही मला सांगता येणार नाही. ऑटोत बसताना त्यानं विचारलं, "एकादशीले रेकॉर्ड करून पाठवशीन?" मी हो म्हटलं.

पाठवलं. त्याचा लगेच फोन आला नाही. दोन दिवसांनी आला तेव्हा म्हणाला की हापशी चांगली वाजते, पण तू जास्तच मारून राह्यली, प्रत्येक ओळीले नको. मला पटलं. मी कमी केली. मंडळातल्या बायकांनी तक्रार केली की गंमत गेली. सासूबाई म्हणाल्या, आता बरं लागते.

तो आता येतो अधूनमधून. मेडशीला आला की वाशीमला एक रात्र काढतो. गिटार माझी झाली असं कुणी म्हटलं नाही, तसं म्हणायची गरजही पडली नाही. आल्यावर तो मला विचारून घेतो, एवढंच. गेल्या खेपेला भजनाचा दिवस होता. तो देवळात बायकांच्या मागे खांबाला टेकून बसला होता. सासूबाईंनी त्याला बोलावून आपल्या बाजूला बसवलं आणि हातात टाळ दिले.

"मावशी, मले नाई जमत."

"इथं मोकळ्या हातानं कोनी बसत नाई."

त्यानं वाजवले. पहिल्या भजनात तो ढोलकीच्या जरा पुढेच धावत होता, आणि सासूबाई गाता गाता डाव्या हातानं त्याच्या गुडघ्यावर ठेका धरून बसल्या होत्या.